कोल्हापुरातनं केनियाला सेवेला जाताय? मग आधी हे वाचा

आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली पोरं-पोरी आता वर्ष-दोन वर्षांसाठी बाहेर मिशनच्या सेवेला जायचं म्हणतात आणि विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न कायम तोच, तिथं उपदेश कसा करायचा. अरे उपदेशाचं नंतर बघू, आधी कागद बघा. टुरिस्ट म्हणून आत जायचं आणि तिथं मिशनचं काम करत बसायचं असलं काही करू नका. केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामाला वेगळं परमिट असतं, क्लास आय म्हणतात त्याला, ते तिथली चर्च किंवा संस्था तुमच्यासाठी मागते, म्हणून बोलावणाऱ्यांना तिकीट काढायच्या आधीच स्पष्ट विचारा की परमिटचं कुठवर आलंय. "या तर खरं, मग बघू" असं उत्तर आलं तर जाऊ नका, सरळ सांगतो.

दुसरं म्हणजे यलो फीव्हरची लस. ही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, मुंबईला आहे, आणि प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यायची. लस घेतल्याचं कार्ड मिळतं, २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. कार्डावरचं नाव पासपोर्टसारखंच आहे का ते तिथंच उभं राहून तपासा. हे कार्ड येताना जास्त लागतं, ते नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात.

बॅग भरताना आई चटणी देणारच, वर्षाच्या चटणीतला किलोभर तरी डबा ठरलेला, न्या की, पण स्टीलच्या डब्यात घट्ट भरून न्या आणि कॅरीबॅगमध्ये काही बांधू नका, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती बंदी ते खरंच पाळतात. स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणजे भाजून काढणारं ऊन असं डोक्यात असतं आपल्या, पण नैरोबी महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे आणि जून-जुलैत चांगलीच थंडी असते. मराठी बायबल छापील न्या, आणि उपासना संगीत, म्हणजे आपलं गीतांचं पुस्तक सुद्धा, मोबाईलवर आहे म्हणून सोडू नका.

का ते सांगतो. दिवसभर इंग्रजी आणि मोडकी स्वाहिली बोलून डोकं शिणतं, प्रार्थना पण इंग्रजीत व्हायला लागते, मंडळीसमोर करतो तशी गुळगुळीत. म्हणून सकाळचा पहिला अर्धा तास मराठीचा ठेवा. तिथं सूर्य बाराही महिने साडेसहाच्या आसपासच उगवतो त्यामुळं सवय लावायला सोपं जातं, उजाडायच्या आत उठायचं, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, मग प्रार्थना, घरात बोलतो तशी. कोरडं वाटेल, काही आठवडे तर नुसतं वाचून उठाल आणि काहीच आत गेलं नाही असं वाटेल. तरी वाचा. भावना आली तरच बसायचं असं ठरवलंत तर दुसऱ्या महिन्यात बायबलवर धूळ बसलेली दिसेल. आणि लय जड झालं तर तिथल्या पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरांना सांगा, लपवून ठेवू नका, परदेशी सेवक आहे म्हणजे याचा विश्वास पक्काच असणार असं लोक धरून चालतात आणि त्यात पोरं एकटी पडतात.

काम काय असतं? खुर्च्या मांडणं, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात पोरं सांभाळणं, आजाऱ्याला भेटायला जाणं, बोअरवरनं पाणी आणणं, आणि बराच वेळ नुसतं बसणं. हेच काम आहे. घरच्या मंडळीला पत्र लिहिताना हेच लिहा, "शेकडो जीव प्रभूकडे आले" असलं काही ठोकून देऊ नका. आपलं कोल्हापूर हे स्वतःच मिशनऱ्यांनी येऊन बसलेलं गाव आहे, रॉयल वायल्डर १८५२ ला आले, शाळा काढल्या, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला इथंच जन्मला आणि १८८६ ला अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात १०० विद्यार्थी परदेशी सेवेला तयार झाले त्यामागं हाच पोरगा होता. तुम्ही आता उलट्या बाजूला उभे आहात, पाहुणे तुम्ही, म्हणून परका माणूस गावात आला की आपली आज्जी त्याच्याकडं कशी बघते ते जरा आठवा.

वेळेचा एक घोळ आधीच समजून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासनं मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे एक वाजला, "सा तातू" म्हणजे तीन ऐकू येतं पण बोलावलेलं असतं नऊला. घड्याळ दाखवूनच वेळ पक्की करा.

रविवारी उपासना लांबते, पाहुण्याला उभं करून दोन शब्द बोलायला लावतातच. "ब्वाना असिफिवे", म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हणायचं, नाव-गाव सांगायचं, बसायचं. अर्पणात कोणी कोंबडी आणतं, कोणी अंडी, आणि नंतर लिलाव, आपल्या हंगामाच्या सणासारखंच, तिथं मात्र एकदम घरच्यासारखं वाटतं.

जेवायला घरी बोलावतील. दारात किंवा टेबलापाशी घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा लहान पोरगी, जग आणि घमेलं घेऊन येते आणि तुमच्या हातावर कोमट पाणी ओतते, तिच्याकडं बघून थँक्यू म्हणा, घाईनं हात पुढं करून पाणी सांडू नका. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उजव्या हातानं तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्यानं खड्डा करून सुकुमा म्हणजे पालेभाजी उचलायची. भाकरी खाणाऱ्याला जमतं. तिखट मात्र नसतं, आणि म्हणून खिशातनं चटणीची डबी काढायची नाही, निदान पहिल्या भेटीत तरी.

पैसे सगळे एम-पेसावर, मोबाईलवरनंच, २००७ पासनं चाललंय ते. महिन्याचा हिशोब वहीत लिहून घरच्या मंडळीला पाठवा, मागितला नाही तरी. कोणी फीसाठी, औषधासाठी पैसे मागितले तर स्वतः देऊन मोकळं होऊ नका, तिथल्या पाळकांना विचारून द्या, कोणाची खरी अडचण आहे हे त्यांनाच माहीत असतं आणि पैशानं माणसं जोडली की उपासनेला कोण कशासाठी येतंय तेच कळेनासं होतं.

घरी फोन आठवड्याचा वार ठरवून करा. आपण तिथल्यापेक्षा अडीच तास पुढं, कोल्हापुरात रात्रीचे नऊ म्हणजे तिथं साडेसहा. रोज रात्री व्हिडिओ कॉल करणारी पोरं शरीरानं तिथं आणि मनानं रंकाळ्यावर असतात. नाताळात नैरोबीतली माणसं आपापल्या गावाकडं जातात, शहर ओस पडतं, तेव्हा कोणी गावी चला म्हटलं तर नक्की जा, खोलीत एकटं बसू नका.

गावाकडं म्हणजे किसुमू, व्हिक्टोरिया तलावाकडं किंवा समुद्राकडं जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासनं सुरू करा आणि परत आल्यावरही सांगतील तितके दिवस घ्या. आणि कोल्हापुरात आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जरी ताप आला तरी घरातले पाणी बदललं म्हणून आलाय म्हणतील, काढा देतील, ते ऐकत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेतनं आलोय.