टँकर, टाकी आणि वाळूचा ढीग: घनफळ कुठे चुकतं

मार्च उलटला की वाघोलीकडच्या सोसायट्यांत टँकर सुरू होतात. दहा हजार लिटरची पावती मिळते, पण टाकीत तेवढं पाणी पडलं की नाही, हे कळतं टाकीतल्या पातळीवरून. त्यासाठी दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यातली सूत्रं पुरेशी आहेत. सूत्र सहसा चुकत नाही. चुकतात मापं आणि एककं.

जमिनीखालची टाकी म्हणजे इष्टिकाचिती: लांबी × रुंदी × खोली. मापं आतून घ्यायची, टाकी धुवायच्या दिवशी. झाकण उघडं ठेवून हवा नीट खेळल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय आत उतरू नका. समजा आतून लांबी ४.२० मीटर, रुंदी २.५० मीटर भरली. खोली स्लॅबपर्यंत धरू नये, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतच धरावी, कारण त्यावर पाणी थांबत नाही. ती १.८० मीटर असेल तर ४.२० × २.५० × १.८० = १८.९ घनमीटर, म्हणजे १८,९०० लिटर. हीच टाकी बाहेरून मोजली आणि भिंती २३ सेंमी जाड असल्या, तर उत्तर येतं २४,८०० च्या पुढे. जवळजवळ सहा हजार लिटर पाणी नुसतं भिंतीत! आत कॉलम असेल तर त्याचंही घनफळ वजा करा.

आता टँकर. याच टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ ४.२० × २.५० = १०.५ चौरस मीटर, म्हणून पातळीचा दर सेंटिमीटर म्हणजे १०५ लिटर. पीव्हीसी पाइपावर सेंटिमीटरच्या खुणा करून टँकर येण्याआधी आणि गेल्यावर एकाच जागी पातळी बघा. १०,००० लिटरला ती साधारण ९५ सेंमी चढली पाहिजे. ८० च चढली तर ८,४०० लिटर आलं. दोन पातळ्यांतला फरकच घेत असल्यामुळे तळाचा उतार किंवा गाळ आड येत नाही. मात्र तेवढा वेळ वरच्या टाकीचा पंप आणि नळाचं कनेक्शन दोन्ही बंद हवं, नाहीतर सगळा हिशोब पाण्यात.

गच्चीवरची गोल टाकी ही वृत्तचिती: ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × उंची. व्यास अंदाजाने धरण्यापेक्षा टेप गुंडाळून परीघ घ्या आणि ६.२८ ने भागा, थेट त्रिज्या मिळते. परीघ ३४५ सेंमी तर त्रिज्या ५४.९ सेंमी, सरळ भागाची उंची १०५ सेंमी असेल तर सुमारे ९९४ लिटर. त्रिज्येच्या जागी व्यास घातला की उत्तर चौपट होतं, आणि ही चूक मोठी माणसंही करतात.

वाळू किंवा क्रश सँड ब्रासमध्ये मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गोल ढीग शंकूसारखा असतो, म्हणून वृत्तचितीचा तिसरा हिस्सा. पायाचा परीघ ४४ फूट (त्रिज्या ७), उंची ४ फूट: २२/७ × ४९ × ४ ÷ ३ = २०५ घनफूट, दोन ब्रासच्या किंचित वर. इथे टेप हमखास ढिगाच्या उतारावरून लावली जाते. उतार भरतो ८.०६ फूट, तोच उंची म्हणून धरला तर कागदावर चार ब्रास होतात. उतार मोजायचाच असेल तर पायथागोरस वापरा: उताराचा वर्ग ६५ वजा त्रिज्येचा वर्ग ४९, राहिले १६, वर्गमूळ ४, तीच उंची. शिवाय ओलसर बारीक वाळू २०-३० टक्केही फुगते, त्यामुळे कोरडी आणि ओली वाळू एका मापाने तोलू नये. आणि ९ फूट ६ इंच म्हणजे ९.५ फूट, ९.६ नव्हे.

बादली वर रुंद, खाली अरुंद, म्हणजे शंकूछेद. वरचा व्यास ३०, खालचा २०, उंची २८ सेंमी असेल तर ३.१४ × २८ × (१५² + १०² + १५ × १०) ÷ ३ = सुमारे १३,९२१ घनसेंमी, म्हणजे १३.९ लिटर. सरासरी त्रिज्या १२.५ धरून वृत्तचिती केली तर १३.७ येतं, घरच्या कामाला तेवढं चालतं.

एककांत १ घनमीटर = १,००० लिटर आणि १ घनफूट = २८.३ लिटर, एवढी दोन पाठ असावीत. पावसाळ्यात खडकवासल्याच्या बातम्यांत येणारा टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, तेव्हा एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर.

माठासारख्या वेड्यावाकड्या पोटाच्या वस्तूला सूत्र शोधत बसू नका. रिकामा माठ वजनकाट्यावर ठेवा, काठोकाठ भरून पुन्हा ठेवा. जितके किलो वाढले तितके लिटर. माठ नवा असेल तर आधी रात्रभर भिजवा, नाहीतर मातीने प्यायलेलं पाणीही मापात येईल.