बडोद्यात बसून ऑस्ट्रेलियाला धाडलेला कैदी कसा शोधायचा

एमएस युनिव्हर्सिटीत हिस्टरी करणाऱ्या पोरांनो, प्रोजेक्टला ब्रिटिश कैदी घ्यायचा असेल तर बिनधास्त घ्या, माहिती घरबसल्या आणि फुकट मिळते. आधी ओल्ड बेली कोर्टाची साइट उघडा, लंडनचे 1674 पासूनचे खटले आहेत, काय चोरलं, शिक्षा 7 वर्षं, 14 की जन्मठेप, सगळं सापडतं. त्याला नेणाऱ्या जहाजाचं नाव डिजिटल पॅनॉप्टिकॉन या कैद्यांच्या नोंदींच्या साइटवर बघा आणि खटल्याच्या तारखेसोबत वहीत लिहूनच ठेवा, कारण एकाच नावाचे ढीगभर कैदी असतात, नुसत्या नावावर गेलात तर भलत्याच माणसाचं आयुष्य लिहून बसाल.

माणूस टास्मानियाला गेला असेल तर नशीबच, तिथल्या अर्काइव्हच्या साइटवर स्कॅन केलेलं पान मिळतं, उंची, डोळ्यांचा रंग, हातावरचं गोंदण, मालकाला उलट बोलला म्हणून झालेली शिक्षासुद्धा. अक्षर फार बारीक, मोबाइलवर नका वाचू, मोठा स्क्रीन घ्या.

न्यू साउथ वेल्सला गेला असेल तर तिकीट ऑफ लीव्ह शोधा, म्हणजे शिक्षा संपायच्या आधीच स्वतःचं कमवायची मुभा, पण ठरलेला जिल्हा सोडायचा नाही.

1868 नंतर मात्र शोधू नका, कैद्यांचं शेवटचं जहाज त्याच वर्षीच्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराला लागलं.