आयरिशमध्ये ओळख करून देताना

आयरिशमध्ये ‘आहे’साठी ‘इस’ आणि ‘टॉ’ असे दोन शब्द आहेत आणि नवशिक्यांची गल्लत हमखास इथेच होते. नाव सांगताना ‘इस’च घ्या: ‘इस मिशे अनघा’, म्हणजे मी अनघा. क्रियापद आधी येतं, आपल्यासारखं शेवटी नाही. दुसरी पद्धत मला फार गोड वाटते: ‘अनघा इस अॅनिम दम’, शब्दशः ‘मला नाव अनघा’. ‘मला भाऊ आहे’ म्हणणाऱ्या मराठी जिभेला हे लगेच रुचतं. गाव सांगायचं तर ‘इस अस पुणे मे’. ‘मे’ म्हणजे मी.

त्याआधी नमस्कार मात्र हवाच: ‘जिया ग्विच’, देव तुझ्यासोबत असो. उत्तर येतं ‘जिया इस म्विरे ग्विच’, देवाच्या जोडीला मेरीमाताही; इथला ‘इस’ मात्र ‘आणि’ या अर्थाचा.