'मिलिटरी ग्रेड' फोन घेताय? मग बॉक्सवरचा तो नंबर आधी नीट वाचा

रफ वापरासाठी फोन शोधायला लागलं की 'मिल-एसटीडी-८१०एच' हे दिसतंच आणि बघून वाटतं की लष्करानेच पास केलाय. तसं नसतं. ८१० ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची टेस्ट कशा घ्यायच्या याची नियमावली आहे, १९६२ पासूनची, आणि शेवटचं अक्षर म्हणजे आवृत्ती, 'जी' म्हणजे २००८ ची आणि 'एच' म्हणजे २०१९ ची. कुठलंही सरकारी खातं फोन तपासून शिक्का मारत नाही, टेस्ट कंपनी स्वतः करते किंवा लॅबकडून करून घेते, आणि दोन डझनाहून जास्त टेस्टपैकी कुठल्या घ्यायच्या हेही कंपनीच ठरवते. म्हणून नुसत्या ८१० वर पैसे मोजू नका.

आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पेज उघडा आणि मेथड नंबर, म्हणजे कुठली टेस्ट घेतली त्याचा नंबर, शोधा. ५०१ म्हणजे उष्णता, ५०२ थंडी, ५०७ दमट हवा, ५०९ खारी हवा, ५१० धूळ आणि वाळू, ५१४ व्हायब्रेशन, ५१६ पडणं आणि धक्के. आता तुमचं काम काय ते बघा. मालवण-रत्नागिरीकडे बोटीवर काम असेल तर ५०९ हवीच, क्रशरवर किंवा बांधकामाच्या साइटवर असाल तर ५१०. उष्णतेत अजून एक बघायचं, फोन चालू ठेवून टेस्ट केली की बंद ठेवून, कारण नियमावलीत दोन्ही प्रकार आहेत आणि उन्हात फोन वापरणाऱ्याला चालू असतानाचीच टेस्ट कामाची.

मग पडायची टेस्ट, सगळ्यात जास्त जाहिरात हिचीच होते. ठरलेली पद्धत म्हणजे ४८ इंचावरून, साधारण १.२२ मीटर, २६ वेळा पाडायचं: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. पण हे २६ वेळा पाडणं पाच फोनांत वाटून घ्यायची मुभा असते, आणि बऱ्याच कंपन्या काँक्रीटवर दोन इंची प्लायवुड ठेवून त्यावर पाडतात. रस्त्यावरच्या खडीवर स्क्रीन आपटली तर काय होईल ते यातून कळत नाही. त्यामुळे उंची किती, खाली काय होतं, किती फोन वापरले हे तिन्ही बघाच, साइटवर नसेल तर कस्टमर केअरला मेल करून विचारा, आणि सरळ उत्तर आलं नाही तर मी तरी तो फोन सोडून देईन.

पाण्याचं रेटिंग शक्यतो वेगळं बघा, ते आयपी, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाण्यापासून फोन किती वाचतो ते सांगणारा आकडा. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ ला खोली आणि वेळ कंपनी ठरवते, म्हणून बारीक अक्षरं वाचा. ही टेस्ट साध्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. वॉरंटीत पाण्याचं नुकसान धरलंय का तेही बघून घ्या, बऱ्याचदा नसतं. आणि नंतर कधी स्क्रीन बदलायला फोन उघडला तर सील नवीन बसवलं का हे दुकानातच विचारा, नाहीतर ते रेटिंग धरून चालू नका.