रस्त्याच्या आखणीवर जेसीबी येण्यापूर्वी : प्रागैतिहासिक स्थळांची पाहणी कशी करावी

कोल्हापुरात जुन्या अवशेषांचा विषय निघाला की पंचगंगेकाठचे ब्रह्मपुरीचे टेकाड आठवते. १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. अशी वस्ती पांढरीच्या मातीवरून आणि खापरांवरून ओळखता येते. प्रागैतिहासिक स्थळाला मात्र बहुधा टेकाड नसते. ओढ्याकाठी काही दिवस थांबून, गारगोटीजातीचे दगड फोडून हत्यारे घडवणारी माणसे पुढे निघून गेली, की मागे उरतो तो नखाएवढ्या पात्यांचा आणि छिलक्यांचा (दगड फोडताना उडालेल्या टवक्यांचा) विखुरलेला पसारा. आणि चौपदरीकरणाच्या कामात तो एका दुपारीत नाहीसा होऊ शकतो.

म्हणून कामाची सुरुवात आखणीच्या नकाशापासून करावी. चेनेज (रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर) दाखवणारा हा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर बसवून ओढ्यांचे संगम, माळाच्या कडा आणि नदीचे जुने गाळथर यांवर खुणा कराव्यात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या काठी कापल्या गेलेल्या दरडी, तसेच विहिरींचे उघडे छेद, हे न खणता मिळालेले उत्खननच असते. प्रवरेकाठी नेवासे येथे आदिमानवाची हत्यारे नदीच्या गोट्यांच्या अशाच थरांत सापडली. आखणी आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जात असेल, तर जांभ्याच्या सड्यांवरची कातळशिल्पे शोधण्यासाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन निवडावे, कारण भर दुपारी उथळ रेषा दिसतच नाहीत.

एक गोष्ट बहुतेक अहवालांतून निसटते, आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक आहे. भरावासाठी मुरूम ज्या माळावरून उचलला जातो, तो आखणीच्या बाहेर असतो. मुरमाच्या खाणी, खडी क्रशरची जागा आणि कामगारांच्या छावण्या यांची यादी ठेकेदाराकडून आधीच लेखी घ्यावी आणि त्या जागांचीही रस्त्याइतकीच बारकाईने पाहणी करावी.

पाहणी पायीच करावी लागते. चार-पाच जणांनी दहा-दहा मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चालावे. आपल्याकडे मोठी अडचण उसाची आहे, कारण उभ्या उसात जमीन दिसत नाही आणि तोडणीनंतर पाचट ती झाकून टाकते. तेव्हा नांगरट होऊन पहिला पाऊस पडल्यावर, ढेकळांवरची धूळ धुतली गेली की जावे. शेतमालकाची परवानगी घेताना गट नंबर टिपून ठेवावा आणि नांगराला कुठे ‘गारा’ (गारगोट्या) लागतात हे विचारावे. अनेकदा या एका प्रश्नाने दोन दिवसांची पायपीट वाचते.

सापडलेला दगड हातात घेऊन उन्हात फिरवून पाहावा. बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघालेले कॅल्सेडनी आणि जॅस्पर या गारगोटीजातीच्या दगडांचे तुकडे माळावर आपोआपही फुटतात, त्यामुळे चमकणारा प्रत्येक तुकडा हत्यार नसतो. माणसाने फोडलेल्या छिलक्यावर आघात जेथे बसला तेथे लहान सपाट जागा असते, तिच्या खाली किंचित फुगवटा असतो आणि त्यापासून लाटांसारख्या वळ्या पसरलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला आधी निघालेल्या छिलक्यांच्या खुणा समांतर दिसतात. नांगराने किंवा यंत्राने नुकत्याच उडवलेल्या टवक्याची कड ताजी, स्वच्छ असते आणि तिच्यावर जुना ओप नसतो. सूक्ष्म पात्यांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे.

दगड खिशात घालण्यापूर्वी त्याची जागा जीपीएसवर नोंदवावी, कारण जागेवेगळा झालेला दगड पुराव्याच्या दृष्टीने जवळपास मुका होतो. जेथे काहीच सापडले नाही, ते पट्टेही ‘पाहिले, रिकामे’ असे नोंदवावेत.

पृष्ठभागावर दाटी दिसली तर पुढची पायरी चाचणी खड्ड्यांची. ती परवानाधारक पुरातत्त्वज्ञांचीच आहे; हौसेने कुदळ मारू नये. एक मीटर चौरसाचे खड्डे पाच-पाच सेंटिमीटरच्या थरांनी उतरवतात आणि सगळी माती दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून चाळतात, नाहीतर नेमकी लहान पातीच फेकलेल्या मातीत जातात. कोळसा मिळाला तर हात न लावता चिमट्याने उचलावा. रेडिओकार्बनने सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतचा काळ मोजता येतो. त्याहून जुन्या गाळासाठी वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन केव्हा पडले ते मोजतात, म्हणून तो नमुना पोलादी नळीत, उजेड लागू न देता घ्यावा लागतो.

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरवून दिले, पण ते संरक्षित स्मारकांभोवतीच. माळावरच्या अनामिक पसाऱ्याला हे कवच नाही. त्यामुळे अहवाल राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे भूसंपादन पूर्ण होण्याआधी पोहोचवावा, कारण तेव्हा आखणी वीस-तीस मीटर सरकवणे तुलनेने सोपे असते. खोदाई सुरू झाल्यावर एक जाणकार माणूस यंत्राजवळ उभा असावा. बकेटमधून राखेचा किंवा हाडांचा थर वर आला, तर तेवढ्या चेनेजपुरते काम थांबवून छेदाचे छायाचित्र मोजपट्टीसह काढावे, कड ताडपत्रीने झाकावी आणि पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे.