नववीत बोर्डिंग स्कूलला जायचंय? मग आठवीतच हे वाचून ठेवा

दरवर्षी दिवाळीच्या आसपास नात्यातलं कुणाचं तरी आठवीतलं पोर मला फोन करतं, आधी परीक्षेचं विचारतं, किती मार्क लागतात, क्लास लावू का वगैरे, आणि मग आवाज बारीक करून खरा प्रश्न, दादा तिथे खूप मारतात का. मी स्वतः नववीत अशाच एका शाळेत गेलो होतो (नाव राहू दे), म्हणून सगळे माझ्याकडे येतात. नेटवर बघितलं तर जवळजवळ सगळी माहिती पाचवीतल्या पोरांसाठी, म्हणजे सहावीच्या प्रवेशाची. नववीचं प्रकरण वेगळं आहे, पेपरपासून रडण्यापर्यंत सगळंच वेगळं.

आधी शाळा कुठली ते ठरवा. पाचगणीच्या प्रायव्हेट शाळांचं मी सांगत नाही, तिथे शाळेत जाऊन भेटायचं, फी विचारायची आणि बाबांचा चेहरा बघायचा. मध्यमवर्गीय घरातनं दोनच नावं जास्त येतात, सैनिक स्कूल (संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली) आणि नवोदय (केंद्र सरकारची जिल्ह्यातली निवासी शाळा). साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालं, देशातलं पहिलं. आपल्याकडे नंतर चंद्रपूरलाही झालं. आणि हो, 'सैनिक स्कूल' आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या 'सैनिकी शाळा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सैनिकी शाळा संस्थांच्या असतात, त्यांचा प्रवेश वेगळा, फॉर्म वेगळा. माझ्या मावशीने या गोंधळात भलत्याच शाळेच्या चकरा मारल्या होत्या, त्यामुळे नाव नीट वाचा.

सैनिक स्कूलला नववीसाठी वय ३१ मार्चला १३ ते १५ मध्ये बसायला हवं. पेपर ४०० मार्कांचा, १५० प्रश्न, तीन तास. त्यातलं गणित एकटंच २०० मार्कांचं, ५० प्रश्न चार चार मार्कांचे, बाकी इंग्लिश, बुद्धिमत्ता, विज्ञान आणि समाजशास्त्र प्रत्येकी ५० मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. आता खरी मेख, सहावीचा पेपर मराठीत देता येतो, नववीचा फक्त इंग्लिशमध्ये असतो. मराठी मीडियमची हुशार पोरं इथेच गळतात, गणित येत नाही म्हणून नाही तर प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही म्हणून.

नवोदयची नववीची परीक्षा १०० मार्कांची, अडीच तास, गणित ३५, विज्ञान ३५, इंग्लिश १५, हिंदी १५. पेपर हिंदीत देता येतो म्हणून पोरं खुश होतात पण मराठी आणि हिंदीतले गणिताचे शब्द एक नाहीत. आपलं चक्रवाढ व्याज तिकडे चक्रवृद्धि ब्याज होतं ते समजतं तरी, पण परिमिती तिकडे परिमाप असते आणि लसावि तर लघुत्तम समापवर्त्य, परीक्षेच्या हॉलमध्ये हे पहिल्यांदा बघितलं तर घाम फुटतो. म्हणून जूनमध्येच एक वही करा, पानावर तीन रकाने, मराठी, हिंदी, इंग्लिश, आणि गणित विज्ञानाचा प्रत्येक धडा झाला की त्यातले शब्द भरत जा. एनसीईआरटीची (म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणारी, केंद्राची) पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, तीच वापरा. स्टेट बोर्डात आठवीत जे शिकवतात त्याच्याशी ते पूर्ण जुळत नाही, पण पेपर त्याच वळणाचा असतो. माझ्या मते ही वही आणि जुने पेपर हे कुठल्याही महागड्या क्रॅश कोर्सपेक्षा जास्त कामाचं.

नवोदयला अजून एक अट, आठवी त्याच जिल्ह्यातल्या शाळेत चालू पाहिजे, मामाच्या गावच्या नवोदयचा फॉर्म भरता येत नाही. आणि दोन्हीकडे नववीला रिकाम्या झालेल्या जागाच भरतात, सहावीसारखा अख्खा वर्ग नसतो, त्यामुळे एकाच परीक्षेवर सगळं लावून बसू नका. मुलींनो, सैनिक स्कूलमध्ये मुलींना २०२१-२२ पासून घेतात, पण ती सुरुवात सहावीपासून झाली, म्हणून नववीला जागा कुठे आहेत ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच पैसे भरा.

तारखेचं म्हणाल तर सैनिक स्कूलची परीक्षा बहुतेक जानेवारीत असते पण २०२५ ची ५ एप्रिलला झाली, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारी तारीख धरू नका, वेबसाइट बघा. दाखल्यांचं काम मात्र उन्हाळ्यातच उरका. डोमिसाइल, जातीचा दाखला, ओबीसी असाल तर नॉन क्रीमी लेयर आणि तोही केंद्राच्या नमुन्यातला. सैनिक स्कूलच्या ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात म्हणून डोमिसाइल महत्त्वाचं. ऐनवेळी सेतू केंद्रात गेलं की सर्व्हर डाऊन असतो, हा सृष्टीचा नियम आहे. नाव आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या रेकॉर्डवर एकसारखं आहे का बघा, आडनावाचं एक स्पेलिंग सुद्धा नंतर डोकं खातं.

सैनिक स्कूलला लेखी झाल्यावर मेडिकल पण असते. आधीच साध्या डॉक्टरकडे जाऊन डोळे, दात, कान दाखवून घ्या, कानातला मळ किंवा किडलेली दाढ ही दोन दिवसांत निस्तरणारी गोष्ट आहे, त्यापायी तिथे ताटकळू नका. फी वर्षाला लाखाच्या वर जाते, राज्याची स्कॉलरशिप पालकांच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. नवोदयला राहणं, जेवण, पुस्तकं, युनिफॉर्म फुकट.

आता राहण्याचं. सकाळी शिट्टी, अंधारातच पीटी, मग नाश्ता, शाळा, जेवण, संध्याकाळी गेम्स, रात्री प्रेप म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून अभ्यास, मग लाइट बंद. फोन नाही, घरी बोलायचं ठरलेल्या दिवशी. याची आठ दहा दिवसांत सवय होते, खरंच होते, कारण दमल्यावर झोप येते. सवय दुसऱ्याच गोष्टीची होत नाही. सहावीत जाणारी पोरं सगळी एकदम रडतात, डॉर्ममध्ये रात्री सुरू झालं की कोरस असतो, आणि त्यातनंच दोस्ती होते. तुम्ही नववीत जाल तेव्हा बाकीच्यांची तीन वर्षं होऊन गेलेली असतात, त्यांचे ग्रुप पक्के, जोक जुने, मेसमध्ये कोण कुठे बसतो ते ठरलेलं, आणि तुम्ही ताट घेऊन उभे. मी पहिले पंधरा दिवस घाईघाईत जेवून पळायचो, कारण टेबलावर काय बोलायचं तेच कळायचं नाही, आणि आईला फोनवर मस्त चाललंय सांगायचो.

यावर उपाय मला उशिरा सापडला. कुठला तरी एक खेळ किंवा वाद्य घेऊन जा, चांगलं यायलाच पाहिजे असं नाही, पण मैदानावर ग्रुप मोडतात, एक पोर कमी पडतं आणि तुम्हाला हाक मारतात. दुसरं, तुमच्यासारखेच नवे कोण आहेत ते शोधा. नवोदयमध्ये नववीची साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, आपली तिकडे आणि तिकडची इकडे, म्हणजे यूपी बिहारकडून आलेलं ते पोर पण तुमच्याइतकंच नवं आहे. त्याला मराठी शिकवा, तो तुमचं हिंदी सुधारेल.

मारतात का, त्याचं उत्तर. सीनियर बूट पॉलिश सांगतील, पळायला लावतील, शाळेशाळेवर आहे आणि पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय. पण कुणी मारलं, पैसे मागितले, नको तिथे हात लावला किंवा रात्री एकट्याला बोलावलं तर 'परंपरा आहे' हे ऐकून घ्यायचं नाही. हाउस मास्टरला, म्हणजे तुमच्या हॉस्टेलच्या सरांना सांगा, त्यांनी मनावर घेतलं नाही तर प्रिन्सिपलला आणि घरी, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून जा. जाण्याआधी घरी एक खुणेचा शब्दही ठरवा, म्हणजे आजूबाजूला कुणी ऐकत असलं तरी फोनवर तेवढं बोललात की बाबा दुसऱ्या दिवशी गेटवर हजर.

ट्रंकेचं थोडक्यात. कुलुपाच्या दोन किल्ल्या, एक हाउस मास्टरकडे. प्रत्येक कपड्यावर नंबर, मोज्यांवर सुद्धा, मी मोज्यांवर टाकला नव्हता आणि दिवाळीला घरी आलो ते तीन मोजे घेऊन, तिन्ही वेगळे. लाडू चिवडा न्या पण पहिल्याच रात्री डबा उघडून फिरवा, लपवलात तर मुंग्या खातात आणि वर नाव पडतं.

आणि आईबाबांना हे वाचायला द्या, पहिल्या महिन्यात भेटायला येऊन 'नको वाटत असेल तर चल घरी' असं गेटवर म्हणू नका. भेटीच्या रविवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट जाते, तेव्हा दुपारीच निघा, गेम्सची शिट्टी व्हायच्या आधी.