आधी बॅरल व्हॉल्व्ह, मग पिल: मिनी स्प्रिंटचं इंजेक्शन असं ट्यून करा

गाडी रीस्टार्टला, म्हणजे थांबलेली रेस पुन्हा सुटताना, नीट उचलत नाही असं पिटमध्ये नुसतं म्हणून बघा. आजूबाजूच्या चार जणांपैकी तिघे लगेच सांगतील, ‘पिल बदल,’ म्हणजे इंधनाच्या लाइनमधली ठरावीक भोकाची छोटी जेट बदल. कोणत्या आरपीएमला अडतंय, थ्रॉटल किती उघडा होता, इंजिन किती गरम होतं, यातलं काही कोणी विचारणार नाही. मी या सल्ल्यापायी एक अख्खा सीझन आणि एक पिस्टन घालवला आहे, म्हणून हे लिहितोय.

हा लेख मातीच्या छोट्या ओव्हल ट्रॅकवर धावणाऱ्या, मोटरसायकलचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलेल्या आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या मिनी स्प्रिंटसाठी आहे. इंजेक्शन मेकॅनिकल, म्हणजे इंजिनावर फिरणारा पंप, बॅरल व्हॉल्व्ह आणि चार नोझल. इसीयूवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं इंधन कॉम्प्युटर ठरवतो त्यांनी, लॅपटॉप उघडावा, त्यांचा मामला वेगळा. पंपाची सील, होजेस, फिल्टर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशन तपासून झालंय असं मी धरून चालतो. झालं नसेल तर ते आधी करा. आजारी इंजिन ट्यून होत नाही.

कार्ब्युरेटरवरून आलेला प्रत्येक जण एका गोष्टीवर हमखास गडबडतो. मेन पिल नोझलकडे जाणाऱ्या वाटेवर नसते, ती टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनमध्ये असते. पंप गरजेपेक्षा जास्त इंधन फेकतो आणि उरलेलं या पिलच्या भोकातून टाकीत परत जातं. म्हणून मोठी पिल म्हणजे लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) आणि छोटी पिल म्हणजे रिच (इंधन जास्त). हे एका चिकटपट्टीवर लिहून पिलच्या डबीवर लावा. रात्री अकरा वाजता, फीचर रेसच्या, म्हणजे रात्रीच्या मुख्य रेसच्या, दहा मिनिटं आधी डोकं उलटं चालतं.

नोझल: चारही काढा, चार सारख्या मापाच्या बाटल्यांत सोडा आणि पंप ड्रिलने फिरवून एक मिनिट प्रवाह मोजा. हे मिथेनॉलने करू नका, टेस्टिंगचं द्रव वापरा. एखादी बाटली मागे राहिली तर ती नोझल स्वच्छ करून पुन्हा मोजा. तरीही मागे राहिली तर ती फेकून द्या. तारेने भोक कोरायचं नाही.

बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधल्या हवा अडवणाऱ्या चकत्या: चारही सारख्या फटीवर आणा. बंद इंजिनावर आधी फीलर गेजने लावा, मग चालू इंजिनावर हवा मोजायच्या मीटरने. मोटरसायकलच्या इंजिनावर थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामध्ये रबरी बूट असतात. ते वाकवून चिरा बघा. तिथून चोरटी हवा शिरत असेल तर पुढचं सगळं वाया जाईल.

आता मुख्य काम. बॅरल व्हॉल्व्ह हा थ्रॉटलला लिंकने जोडलेला एक फिरता दांडा आहे, त्याला खाच असते. आयडलला आणि थ्रॉटल थोडासा उघडल्यावर नोझलकडे किती इंधन जाईल हे ही खाच ठरवते. पूर्ण थ्रॉटलला ती मोकळी होते आणि मग पिलचं राज्य सुरू होतं. म्हणजे गाडी रीस्टार्टला अडखळते, पिवळ्या झेंड्याखाली (ट्रॅकवर धोका असल्याने सगळे हळू चालवतात तेव्हा) बंद पडते किंवा कोपऱ्यातून बाहेर येताना गुदमरते, तेव्हा दोष बहुतेक वेळा इथेच असतो. आणि बहुतेक लोक त्यासाठी पिल बदलत बसतात.

माझं काय झालं ते सांगतो. पिवळ्या झेंड्याखाली इंजिन बंद पडायचं, म्हणून मी आयडलचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. बंद पडणं थांबलं, मी खूश. पण आता रीस्टार्टला गाडी ओल्या लाकडासारखी धुमसायची, दीड सेकंद काहीच नाही आणि मग एकदम झेप. एका जुन्या जाणत्या मेकॅनिकने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, रिच आहे, मोठी पिल घाल. घातली. थोडा फरक पडला. आणखी मोठी घातली. आणखी थोडा फरक. तिसऱ्या मापाला सरळ पट्ट्यावर गाडी इतकी छान ओढू लागली की मला वाटलं, जमलं. सातव्या लॅपला तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं.

तो मेकॅनिक खोटं बोलला नव्हता. इंजिन रिच होतंच, पण फक्त आयडलला. पिल मोठी करून मी पूर्ण थ्रॉटलला ते लीन केलं आणि आयडलला होतं जवळजवळ तसंच ठेवलं. मुळात ते रिच झालं होतं माझ्याच हाताने. आयडलचा स्क्रू बटरफ्लाय उघडतो, आणि लिंक त्याच शाफ्टला असल्यामुळे बॅरल व्हॉल्व्हही उघडतो. हवा आणि इंधन दोन्ही वाढतात, पण एकाच प्रमाणात वाढतील याची खात्री नाही. माझ्या व्हॉल्व्हवर इंधन जास्त वाढायचं.

तेव्हा एवढं पाठ करा: स्क्रू फिरवला की हवा आणि इंधन दोन्ही बदलतात, लिंक फिरवली की फक्त इंधन.

यावरून क्रम ठरतो. आधी स्क्रूने हवा ठरवा आणि लॉकनट घट्ट करा. मग लीक टेस्टर (ठरावीक दाबाची हवा सोडून गळती दाखवणारं गेज) लावा आणि बंद थ्रॉटलला बॅरल व्हॉल्व्ह किती गळतोय ते वाचून वहीत लिहा. हा आकडा तुमचा, तुमच्या टेस्टरवरचा. शेजारच्या पिटमधला आकडा विचारायला जाऊ नका. त्याचं गेज वेगळं, व्हॉल्व्ह वेगळा आणि नोझल वेगळी. तोच टेस्टर, तोच दाब आणि थ्रॉटल दोन वेळा उघडबंद करून घेतलेलं वाचन, एवढंच तुलनेला चालतं.

आता इंजिन चालू करा आणि पाणी नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. थंड मिथेनॉल इंजिनावर काढलेला कोणताही निष्कर्ष कचऱ्यात टाका. बाष्पीभवन होताना मिथेनॉल इतकी उष्णता ओढून घेतं की इनटेक बाहेरून गार लागतो. अशा इंजिनाला लीन दिसणंही जमतं आणि रिच दिसणंही. तापमान किती वेगाने चढतं ते मात्र बघा. आयडलला सुई भराभर वर गेली तर लीन. दहा मिनिटं झाली तरी हलत नसेल आणि डोळ्यांतून पाणी येत असेल तर रिच.

मग थ्रॉटल झटक्यात उघडून सोडा. इनटेकमधून मागे खोकलं तर लीन. घशात पाणी अडकल्यासारखं गुळगुळलं आणि मग उचललं तर रिच. सोडल्यावर आरपीएम वरच लटकून हळूहळू उतरला तर लीन, पण बटरफ्लाय चिकटत नाही ना आणि बूट फाटलेला नाही ना, हे आधी बघा. खाली कोसळून आयडलच्याही खाली जाऊन सावरला किंवा बंद पडला तर रिच.

लिंकचा षटकोनी रॉड एका वेळी एकच बाजू फिरवायचा, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग. त्याआधी रॉडवर रंगाचा ठिपका द्या. कोणत्या दिशेने रिच होतं ते तुमच्या जोडणीवर ठरतं, ते टेस्टरवर एकदा पाहून ठेवा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा आकडा लिहा. मला सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटायचं आणि मी एकदम तीन बाजू फिरवायचो. मग मागे कुठे यायचं तेच कळायचं नाही.

हे चालू असतानाच इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि हेडपासून चार बोटं अंतरावर चारही एक्झॉस्ट पाइपांचं तापमान मोजा. तीन सारखे आणि एक बराच थंड असेल, तर लिंकला हात लावू नका. तो दोष त्या एका सिलिंडरचा आहे: प्लग, नोझल किंवा बटरफ्लाय.

शेवटची परीक्षा गॅरेजमध्ये होत नाही. चार-पाच लॅप हळू चालवायला सांगा, जणू पिवळा झेंडा आहे, आणि मग एकदम पूर्ण थ्रॉटल. आयडलला रिच असलेलं इंजिन या हळू लॅपमध्ये भरून येतं, तेव्हाच खरं कळतं. मोटरसायकलच्या इंजिनाला जड फ्लायव्हील नसतं, त्यामुळे छोटी चूकही लपत नाही.

हे जमलं की मगच पिल. पूर्ण थ्रॉटलला एक लॅप, तिथेच इंजिन बंद करून गाडी तशीच आणा आणि प्लग काढा. पेट्रोलसारखा तपकिरी रंग मिथेनॉलवर शोधू नका, पोर्सेलिन पांढरं दिसलं म्हणून घाबरू नका. भिंग घेऊन पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे कण दिसतात का बघा. ते कण चमकत असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या क्षणी थांबा आणि पिल छोटी करा.

हवामानाचं गणित लोक अंदाजाने करतात, म्हणून एक उदाहरण. दुपारी ३५ अंश होतं आणि रात्री २० झालं, दाब तोच. हवा साधारण ५ टक्के घट्ट होते, म्हणजे इंजिनाला ५ टक्के इंधन जास्त हवं. समजा पंपाच्या १०० भागांतले ७० इंजिनात जातात आणि ३० पिलमधून परत येतात. आता ७३.५ जायला हवेत, परत यायला हवेत २६.५. शिवाय नोझलमधून ५ टक्के जास्त ढकलायला दाब १० टक्के वाढतो, आणि तो वाढलेला दाब पिलमधूनही जास्त ढकलतो. हिशेब केला तर भोकाचं क्षेत्रफळ १६ टक्के कमी व्हायला हवं, म्हणजे ८० च्या पिलऐवजी साधारण ७३ (पिलचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, क्षेत्रफळाचा नाही). पाच टक्के हवेसाठी पिल ‘पाच टक्के’ बदलणारे इथेच फसतात. तुमचा ७०-३० वाटा वेगळा असेल, तो पंपाच्या आणि नोझलच्या प्रवाहावरून काढा.

हायस्पीड बायपास: टॉर्कच्या शिखरानंतर इंजिनाची हवेची भूक मंदावते, पंप मात्र आरपीएमबरोबर वाढतच जातो. ते जादा इंधन हा बायपास परत पाठवतो. सरळ पट्ट्याच्या शेवटीच गाडी मंदावत असेल तर त्याची शिम (स्प्रिंगखालची पातळ चकती) बदला. इतर वेळी हात लावू नका.

मिथेनॉलची ज्वाळा दिवसा दिसत नाही, म्हणून हातमोजे घाला आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याने विझतं.

रेस संपल्यावर टाकी रिकामी करा आणि सिस्टिम धुऊन काढा, नाहीतर पुढच्या आठवड्यात बॅरल व्हॉल्व्हवर गंजाचा पांढरा थर बसलेला असेल आणि वहीतला आकडा जुळणार नाही. तेल दुधाळ दिसलं तर बदला. ड्रमचं झाकण लगेच लावा, मिथेनॉल हवेतली ओल पितं.